पुन्हा पाहणं : एका जपानी शर्यतगाडीच्या निमित्तानं

(शिरपामाळ, जव्हार इथं झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आश्रमशाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर खडू न उचलता धावतं हरण काढायचे आणि पोरांना विचारायचे, ‘आता सांगा, हे कुठल्या बाजूला पळतंय?’ संयोजकांनी ही आठवण सांगितली आणि मला माझा विषय मिळाला. विषय कळवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘सर, कार्टूनवर व्याख्यान?’ हो, कार्टूनवर. तेही जपानी, आणि तेही मोटारींच्या शर्यतीचं. सरांच्या हरणाचा आणि त्या गाडीचा संबंध आहे. तो मी दाखवणार आहे. न दिसल्यास चहाच्या वेळी मला धरा.

आपण बसलो आहोत तो माळच वेगाशी बांधलेला आहे. १६६४ च्या सुरुवातीला सुरतेवर जी स्वारी झाली, तिच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम इथं पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, असं इथली परंपरा सांगते. त्या मोहिमेचं सगळं बळ वेगात होतं. खबर पोचायच्या आत फौज पोचली पाहिजे, हे तिचं सूत्र. पण वेगाच्या त्या मोहिमेची आठवण आपण कुठं जपली? जिथं फौज थांबली तिथं. वेग कळायला थांबलेली एक जागा लागते. पुढचं सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

आता त्या गाडीकडे. २ एप्रिल १९६७ ला जपानच्या फुजी टीव्हीवर ‘माह्हा गो गो गो’ नावाची रंगीत मालिका सुरू झाली आणि ३१ मार्च १९६८ ला ५२ भागांनंतर संपली. तात्सुओ योशिदा या चित्रकथाकारानं ती आधी चित्रकथा म्हणून लिहिली होती. केंजी आणि तोयोहारू या धाकट्या भावांना बरोबर घेऊन त्यानं १९६२ मध्ये तात्सुनोको नावाचा स्टुडिओ काढला, आणि तिथं हिरोशी सासागावा यांच्या दिग्दर्शनाखाली मालिका तयार झाली. तात्सुओ बऱ्याच अंशी स्वतःच्या हिमतीवर चित्रकला शिकलेला. त्याच्या डोळ्यांसमोर दोन परदेशी चित्रपट होते: एल्व्हिस प्रेस्लीचा शर्यतीचा चित्रपट आणि जेम्स बाँडचा ‘गोल्डफिंगर’. एल्व्हिसकडून नायकाचे केस आणि गळ्यातला रुमाल आला, बाँडकडून करामती करणारी गाडी आली. वर्षभरात मालिका अमेरिकेत गेली. पीटर फर्नांडेझ नावाच्या नटानं तिचे संवाद इंग्रजीत लिहिले, नायकाचा आवाज स्वतः दिला, शीर्षकगीताचे इंग्रजी बोलही लिहिले. तिकडे तिचं नाव झालं ‘स्पीड रेसर’.

मला ती मालिका मिळाली ती या दुसऱ्या नावानं, न्यूयॉर्कमध्ये. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला आणि त्यानंतर जे मराठी इंजिनिअर, डॉक्टर कुटुंबासकट तिकडे गेले, त्यांत माझे वडील होते. तेव्हा मराठी मंडळं म्हणजे कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमलेली दहा-बारा घरं. शाळेतून आल्यावर आई दूध द्यायची आणि मी टीव्हीसमोर बसायचो. टीव्ही कृष्णधवल होता. पांढरी गाडी, नाव माक फाइव्ह. सुकाणूवर सात बटणं. पहिलं दाबलं की गाडीखालचे जॅक तिला उचलून उडवायचे. दुसऱ्यानं चाकांना पकड यायची. तिसऱ्यानं पुढे करवतीची दोन चक्रं निघायची आणि जंगल कापत वाट व्हायची. मग गोळी न लागणारं पारदर्शक छत, मग अंधारात बघणारे दिवे, मग पाण्याखाली चालायची सोय, आणि सर्वात शेवटी निरोप घेऊन उडणारा यांत्रिक पक्षी. डिकीत लपून बसलेला नायकाचा धाकटा भाऊ आणि त्याचं माकड. सात वर्षांच्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही.

पुढे आम्ही ठाण्याला परत आलो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, पण आमच्या चाळीत टीव्ही एका घरात, आणि त्या टीव्हीवर ही गाडी नव्हती. मग मी भाग सांगायला लागलो. जिन्याच्या पायऱ्यांवर मुलं बसायची आणि मी एकेक शर्यत तोंडानं पळवायचो. पाटीवर गाडी काढायचो आणि सातही बटणं क्रमानं म्हणून घ्यायचो. सांगताना दरी खोल व्हायची, खलनायकाचे दात वाढायचे. त्या जिन्यावरच्या एकाही मुलानं मालिका पाहिली नव्हती, तरी त्यांना ती पाठ होती. तोंडी गोष्टीवर वाढलेल्या या मुलखात याचं नवल कुणाला वाटायचं कारण नाही.

नव्वदच्या आसपास अमेरिकेतल्या आतेभावानं या मालिकेच्या व्हिडिओ कॅसेट पाठवल्या. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही पसरला, मागोमाग व्हीसीआर आले. गावोगावी भाड्याचा टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघण्याचे दिवस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. पण या कॅसेट आमच्या यंत्रावर धड चालेनात. अमेरिकेतलं चित्र ५२५ ओळींचं आणि सेकंदाला सुमारे ३० चौकटींचं. आपलं ६२५ ओळींचं आणि २५ चौकटींचं. दोन्ही पद्धती वाचणारं यंत्र नसेल तर चित्र रंग सोडतं आणि पडद्यावर घसरत राहतं. माझी गाडी डोळ्यांसमोर घसरत राहिली आणि कॅसेट कपाटात गेल्या. २०१७ मध्ये अमेरिकेत सगळी मालिका ब्लू-रे तबकड्यांवर आली. ती मिळवली तेव्हा पन्नाशी उलटली होती. नायकाचा रुमाल लाल आहे आणि सदरा निळा, हे मला त्या वयात कळलं.

आता पुन्हा पाहण्याबद्दल. लहानपणी आवडलेलं पुन्हा पाहिलं की लोक साधारण दोनच गोष्टी सांगतात. एक म्हणजे, ‘आता ती मजा राहिली नाही.’ दुसरी, ‘तेव्हाचं सगळं किती छान होतं.’ दोन्ही वाक्यांत बोलणारा स्वतःबद्दल बोलतो, पडद्यावर काय आहे ते सांगत नाही. मी आयुष्यभर चित्रांच्या हालचालीचं शास्त्र शिकवलं आहे. त्यामुळे मी तबकडी लावली, हातात पेन घेतलं आणि चित्र कुठं हलतं आणि कुठं हलत नाही हे लिहायला बसलो.

माझ्या आठवणीतलं सर्वात वेगवान चित्र बहुतेक वेळ जागेवरच उभं आहे! गाडी दरीच्या कडेनं सुसाट जाते ते दृश्य घ्या. पारदर्शक तावावर, ज्याला आम्ही सेल म्हणतो, गाडीचं एकच चित्र आहे. ते हलत नाही. कॅमेराही हलत नाही. खालून सरकतो तो रस्त्याचा लांबलचक रंगवलेला पट्टा. चाकांच्या जागी दोन-तीन चित्रं आलटूनपालटून येतात. मग एकदम चालकाचा चेहरा, ताठ, डोळे रोखलेले, तोही स्थिर, मागे फक्त रेघा पळतात. मग गिअरवरचा हात. मग पुन्हा गाडी, यावेळी समोरून, अंगावर येणारी. या प्रत्येक तुकड्याला एखाददुसरा सेकंद. त्यावर इंजिनाचा आवाज, टायरची किंचाळी, आणि नोबुयोशी कोशिबे यांचं संगीत. हात, चेहरा, चाक, दरी या स्थिर चित्रांमधला वेग बघणारा स्वतः भरतो. शीर्षकगीताच्या शेवटी नायक गाडीतून उडी मारून उभा राहतो आणि चित्र थांबतं. त्या थांबण्यातच त्याची सगळी धाव दिसते.

हे सगळं गरजेतून आलं. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी जातात. डिस्नेच्या चित्रपटांत त्यांतल्या निदान १२ चौकटींसाठी नवं चित्र काढलं जाई, कधी चोवीसच्या चोवीस. १ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुका यांनी जपानी टीव्हीवर ‘अ‍ॅटम’ ही मालिका आणली तेव्हा दर आठवड्याला अर्धा तास भरायचा होता, आणि त्यांच्याकडे तेवढे हात नव्हते, पैसाही नव्हता. त्यांनी एकेक चित्र तीन चौकटी धरून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. बोलताना फक्त ओठ हलवले. एकदा काढलेली धाव जपून ठेवली आणि पुढच्या भागात पुन्हा वापरली. योशिदा बंधू याच शाळेतले. फरक एवढाच की त्यांनी विषय असा निवडला, ज्यात काटकसर सर्वात आधी उघडी पडली असती. शर्यत! जिथं सगळंच हलायला हवं तिथं त्यांनी कमीत कमी हलवलं, आणि तेच त्यांचं कसब ठरलं.

त्या काळच्या जपानलाही वेगाची भूक होती. युद्धात शहरं जळून गेलेली. १९६२ मध्ये सुझुकाची शर्यतीची धावपट्टी झाली. १९६३ मध्ये पहिल्या द्रुतगती महामार्गाचा पहिला तुकडा खुला झाला. १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो-ओसाका बुलेट ट्रेन धावली आणि त्याच महिन्यात टोकियोत ऑलिंपिक भरलं. १९६५ मध्ये होंडाची गाडी मेक्सिकोत फॉर्म्युला वन शर्यत जिंकली. घराघरात मोटार अजून यायची होती, मोटारीचं स्वप्न मात्र आलं होतं. आपण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काळात हे पाहिलं आहे. रस्ता आधी मनात होतो, मग जमिनीवर होतो.

तरी या मालिकेला वेगाची भाबडी भक्ती म्हणता येत नाही, हेही पुन्हा पाहतानाच कळलं. एका कथेत असं इंजिन येतं की ते गाडीला चालकाच्या आवाक्याबाहेर पळवतं. त्याच्यामागे मृत्यूंची रांग आहे, म्हणून ते पुरून टाकलेलं असतं, आणि लोभी माणसं ते उकरून काढतात. चालकाच्या संवेदना त्या वेगाला पुरत नाहीत म्हणून त्याला एक वायू देतात, आणि शेवटी शर्यतीवर जगणाऱ्या नायकालाच वेगाची भीती वाटू लागते. दुसऱ्या कथेत चोरलेल्या सोन्याचीच महाकाय गाडी बांधून ती शर्यतीत उतरवतात, म्हणजे माल पळवता येईल. मुलांच्या मालिकेत लोभाचं इतकं नेमकं चित्र मी क्वचित पाहिलं आहे. आणि नायक? तो वारंवार थांबतो. कुणी दरीत लटकलंय, कुणाचा बाप सापडत नाही, आणि शर्यत बाजूला राहते. सात वर्षांचा असताना या थांबण्याचा मला राग यायचा. आता वाटतं, मालिकेचा खरा विषय तोच होता.

आणि तो मुखवटा घातलेला शर्यतपटू, रेसर एक्स. तो नायकाचा मोठा भाऊ. बापाशी भांडून घर सोडून गेलेला. शर्यतीत धाकट्याच्या मागे राहून त्याला वाचवतो आणि नाव न सांगता निघून जातो. धाकट्याला हे माहीत नाही, बघणाऱ्याला निवेदक वारंवार सांगतो. लहानपणी मला यात गूढ वाटायचं. आता गूढ काही नाही, कारण गोष्ट ओळखीची आहे. ज्याची ओळख धाकट्यांपासून लपलेली आहे असा थोरला भाऊ आपण महाभारतापासून सांभाळत आलो आहोत. ज्या १९६७ मध्ये टोकियोत ही मालिका सुरू झाली, त्याच वर्षी त्या थोरल्यावरची शिवाजी सावंतांची कादंबरी ‘मृत्युंजय’ मराठीत आली. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. पण घराबाहेर राहिलेल्या थोरल्याची ओढ दोन्ही मुलखांत तितकीच खोल होती, एवढं नक्की म्हणता येतं. आजही घराघरातून थोरला कामासाठी वाडा, भिवंडी, ठाण्याला गेलेला आहे, आणि धाकट्याची फी कोण भरतं हे धाकट्याला नेहमी ठाऊक असतंच असं नाही.

पुन्हा पाहताना दोषही दिसले, ते झाकायचं कारण नाही. नायकाची मैत्रीण ट्रिक्सी हेलिकॉप्टर चालवते, नायकाला संकटातून सोडवते, तरी निर्णयाच्या वेळी तिला बाजूला बसवतात. परदेशी माणसं दाखवली की ती व्यंगचित्रं होतात. शर्यतीत गाड्या पानांसारख्या दरीत पडतात आणि त्यांत बसलेल्यांचं पुढे काय झालं याची चौकशी कुणी करत नाही. इंग्रजीत संवाद लिहिताना फर्नांडेझनी यातली हिंसा बरीच बोथट केली. जपानी आवाजात उपशीर्षकांसह पाहिलं की ते लक्षात येतं. पण पात्रांच्या ओठांशी इंग्रजी शब्द जुळवताना त्यांनी सगळ्यांना एका श्वासात बोलायला लावलं. त्या धापा टाकणाऱ्या बोलण्यानं थांबलेल्या चित्रांना आणखी घाई आली. तो वेग इंग्रजी आवृत्तीनं स्वतः घातलेला.

२००८ मध्ये वाचोव्स्की भावंडांनी याच गोष्टीवर मोठा चित्रपट काढला. संगणकावर रंगांची आतषबाजी, प्रत्येक चौकटीत दहा गोष्टी हलतात. त्यातली काही दृश्यं मला आवडली, चित्रपट मात्र तेव्हा तिकीटबारीवर पडला. सगळंच हलत असलं की बघणाऱ्याला करायला काम उरत नाही, असं माझं मत आहे. ते तुम्ही मान्य करावं असा आग्रह नाही, पण पुढच्या दोन उदाहरणांवर ताडून बघा. दोन्ही तुमच्या घरची आहेत.

पहिलं वारली चित्र. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड झालं. त्याला काड्यांचे हातपाय आणि डोक्याचा गोळा. नाक नाही, डोळे नाहीत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघेनं. पण तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी ती माणसांची गुंडाळी बघा. प्रत्येक माणूस आधीच्या माणसाहून किंचित कललेला. ती साखळी डोळा क्रमानं वाचतो आणि नाच सुरू होतो. चलच्चित्र याहून वेगळं काय करतं? लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवासिनींनी हे कसब पिढ्यान्पिढ्या सांभाळलं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी तेच कागदावर आणि कापडावर आणलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. जपानच्या निगाता प्रांतात मिथिला संग्रहालय आहे, तिथं जाऊनही त्यांनी चित्रं काढली. कमी रेघांची किंमत जपानी माणसाला समजावून सांगावी लागली नसणार.

दुसरं उदाहरण बोहाड्याचं, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचं. मोखाड्यात आणि जव्हारात सोंगं निघतात तेव्हा चेहरा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा असतो. भुवई हलत नाही, ओठ हलत नाहीत. संबळ वाजतो, सोंग दोन पावलं पुढे, एक मागे, मान एका झटक्यात वळते, आणि रावण आपल्याकडेच बघतोय असं वाटून पुढच्या रांगेतलं पोर आईच्या मागे दडतं. मुखवटा तोच, राग मात्र वाढत गेलेला. तेझुकांनी आणि योशिदांनी पैशाअभावी जे केलं, ते इथं परंपरेनं केलं आहे: चेहरा थांबवायचा, शरीर आणि ताल चालवायचे, बाकीचं बघणाऱ्यावर सोडायचं. सरांच्या फळ्यावरचं हरण याच कुळातलं.

महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी ‘स्पीड रेसर’ लहानपणी पाहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या लहानपणीची जपानी मालिका वेगळी. निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९-९० मध्ये बनवलेले ‘जंगल बुक’चे ५२ भाग १९९३ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीत लागायचे. गुलजारांचं गीत, विशाल भारद्वाज यांचं संगीत, आणि शेरखानाला आपल्या मुरूडच्या नाना पाटेकरांचा आवाज! ते कार्टून जपानी आहे हे त्यावेळी किती जणांना माहीत होतं? २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं, आणि आईबापांनी पोरांना शेजारी बसवून पाहिलं. युगो साको यांचं रामायण दुसरं. १९८३ मध्ये हे गृहस्थ पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले, रामकथेच्या नादी लागले, आणि राम मोहन यांच्यासारख्या मुंबईतल्या चलच्चित्रकाराला बरोबर घेऊन त्यांनी १९९२ मध्ये रामायणाचा पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला. जपानी माणसानं आमचं रामायण का करावं म्हणून आधी विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये तोच चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला आणि ज्यांनी तो टीव्हीवर पाहिला होता ते मुलांना घेऊन गेले.

पुन्हा पाहण्याची ही सगळी उदाहरणं कशी शक्य झाली? कुणीतरी मूळ प्रत जपली म्हणून. तात्सुनोकोच्या मालिकेचा निर्माता तात्सुओ योशिदा १९७७ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. पण फिती राहिल्या. त्यावरून व्हिडिओ कॅसेट निघाल्या, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे. म्हणून आज मी त्याच्या कसबाबद्दल पुराव्यानिशी बोलू शकतो. पुन्हा पाहिल्याशिवाय कलाकृती कळत नाही, आणि जपल्याशिवाय पुन्हा पाहता येत नाही. मला आज सांगायचं आहे ते एवढंच.

आपली बाजू तपासून बघा. मोखाड्यावरून पुढे त्र्यंबकचा रस्ता धरला की दादासाहेब फाळक्यांचं जन्मगाव लागतं. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याही आधी त्यांनी भांडवलदाराला पटवण्यासाठी एका कुंडीत बी लावून कोंब वाढताना एकेक चौकट टिपली आणि रोप डोळ्यांदेखत उगवताना दाखवलं. पुढे आगपेटीतल्या काड्या एकेक करून सरकवत त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. चित्र थांबवून हालचाल घडवण्याची ही विद्या आपल्याकडे तेझुकांच्या पन्नास वर्षं आधी आली होती. पण ‘राजा हरिश्चंद्र’चे आज फक्त तुकडे उरले आहेत. चित्रपट जपायला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ मध्ये. तोवर मूकपटांचा मोठा साठा जळून, विरून, भंगारात जाऊन संपला होता. विजया मुळे आणि भीमसैन यांचं १९७४ चं चलच्चित्र ‘एक, अनेक और एकता’ टिकलं, कारण ते पुन्हापुन्हा दाखवलं गेलं.

फाळक्यांच्या फिती गेल्या, त्याला आपण काही करू शकत नाही. पण तुमच्या घरात काय आहे? या सभेतल्या कित्येक घरांच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत, लग्नाच्या आणि जत्रेच्या व्हिडिओ कॅसेट पडल्या असतील. १९९०-९५ च्या सुमाराला गावोगावी व्हिडिओवाले फिरत होते. त्यांनी लग्नं टिपली आणि लग्नाबरोबर तारपा टिपला, चौक टिपला, लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं टिपलं. कुणी बोहाडा टिपला असेल. त्यात सोंग घेणारी जी माणसं आहेत त्यांतली काही आज हयात नाहीत. ती पावलं, तो मानेचा झटका दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाही.

या कॅसेटला मुदत आहे. चुंबकीय फीत साधारण पंचवीस-तीस वर्षांत खराब होऊ लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी लवकर धरते. व्हीएचएस पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ मध्ये बाजारात आणली. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तीही जपानी, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणजे आता जी यंत्रं जगात आहेत तेवढीच. ती बिघडली की फीत असूनही चित्र दिसणार नाही. काम कठीण नाही. चालू स्थितीतला एक व्हीसीआर, एक संगणक, दोघांना जोडणारी एक छोटी डबी, आणि बसायला एक माणूस लागतो. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. बुरशी दिसली तर मात्र ती यंत्रात घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांना माझी विनंती आहे. सरांच्या नावानं दरवर्षी एक भाषण होतं, ते चालू ठेवा. पण यंदापासून त्यांच्या नावानं एक कपाटही ठेवा. जव्हार-मोखाड्यातल्या प्रत्येक पाड्यावर निरोप द्या, कॅसेट मागवा, उतरवून मूळ मालकाला परत करा आणि एक प्रत वाचनालयात ठेवा. प्रत्येक कॅसेटवर गाव, साल आणि सोंग घेणाऱ्याचं नाव लिहा. ज्यांची कॅसेट आहे त्यांना विचारल्याशिवाय ती कुठं टाकू नका, कारण त्यात त्यांच्या घरातलं लग्न आहे. आणि कॉलेजातल्या मुलामुलींनी ती चित्रं एकेक चौकट थांबवून पाहावीत. वारली रेघ आणि बोहाड्याचं पाऊल ज्यांच्या अंगात आहे त्यांना चलच्चित्र शिकायला फार मोठा स्टुडिओ लागणार नाही. तीन योशिदा भावांनी तुटपुंज्या चित्रांत जगभरातल्या मुलांना पळवलं. पण आधी कॅसेट उतरवा. यंदाच्या पावसाळ्याच्या आत उतरवा.